उंबरठ्यावर थांबलेला कायदा



जर्मनी म्हटले की मराठी श्रोत्याच्या मनात काही ठरावीक चित्रे उभी राहतात. ऋग्वेदाचे संपादन करणारे मॅक्सम्यूलर, दोन महायुद्धे, बर्लिनची कोसळलेली भिंत, चाकणच्या कारखान्यांतील जर्मन यंत्रे आणि अलीकडे उच्च शिक्षणासाठी म्युनिक, आखेन, स्टुटगार्टकडे निघालेली पुण्या-नाशिकची मुले. आजचा विषय या चित्रमालिकेत सहसा नसतो. तो आहे जर्मन घराच्या पत्रपेटीत पडणाऱ्या एका पत्राचा.

हे पत्र वकिलाकडून येते. त्यात एक तारीख असते, सेकंदापर्यंत नोंदवलेली वेळ असते, एखाद्या गाण्याचे वा चित्रपटाचे नाव असते आणि अंकांची एक मालिका असते. ‘अमुक क्षणी आपल्या घरच्या इंटरनेट जोडणीवरून ही कलाकृती बेकायदा वाटली गेली. पुन्हा असे घडणार नाही, अशा हमीपत्रावर सही करा आणि इतके युरो भरा,’ असा त्याचा मथितार्थ. जर्मन लोक या पत्राला ‘आबमानुंग’ म्हणतात. गेल्या दोन दशकांत हे पत्र तेथील लक्षावधी घरांत पोहोचले आहे.

पत्र येते ते जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याच्या नावाने, म्हणजे बहुधा वडिलांच्या किंवा आईच्या. कृत्य असते बहुधा मुलाचे. वडील ते पत्र घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसतात आणि विचारतात, ‘हे कोणी केले?’ पुढची सारी कथा या एका प्रश्नातून उलगडते. कलावंताचा हक्क, इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांची जबाबदारी, राज्यसंस्थेची मर्यादा आणि कुटुंबाचे बंधन या चारही गोष्टी त्या टेबलाभोवती एकत्र येतात. जर्मनीने या प्रश्नावर अर्धशतकाहून अधिक काळ विचार केला आहे. तो विचार समजून घेणे आपल्या हिताचे आहे.

टेपरेकॉर्डर आणि ओळखपत्र

या वादाचे मूळ इंटरनेटच्या बरेच आधीचे आहे. १९५० च्या दशकात जर्मन घरांत टेपरेकॉर्डर आले. रेडिओवर लागलेले गाणे घरबसल्या ध्वनिफितीवर उतरवता येऊ लागले. संगीतकारांच्या वतीने मानधन गोळा करणारी ‘गेमा’ ही संस्था तेथे आहे. तिने न्यायालयात धाव घेतली आणि १९५५ मध्ये संघीय न्यायालयाने मान्य केले की, घरगुती ध्वनिमुद्रणालाही संगीतकाराची अनुमती लागते. तत्त्व ठरले, पण ते अंमलात कसे आणायचे? कोणत्या घरात काय ध्वनिमुद्रित होते, हे कळणार कसे?

गेमाने एक उपाय मागितला. टेपरेकॉर्डर विकताना ग्राहकाचे ओळखपत्र पाहिले जावे आणि त्याचे नाव संस्थेला कळवले जावे. २९ मे १९६४ रोजी संघीय न्यायालयाने ही मागणी फेटाळली. नावे मिळाली तरी पुढे प्रत्येक घरात डोकावल्याखेरीज ती निरुपयोगी ठरणार होती, आणि घराची अनतिक्रमणीयता ही जर्मन राज्यघटनेच्या तेराव्या कलमाने दिलेली हमी आहे. मग १९६५ च्या स्वामित्वहक्क कायद्याने तिसरा मार्ग काढला. टेपरेकॉर्डर बनवणाऱ्याने त्याच्या किमतीवर एक छोटा उपकर द्यावा, तो संगीतकारांत वाटला जावा आणि नागरिकाने आपल्या घरात निश्चिंतपणे गाणी ऐकावी. १९८५ मध्ये कोऱ्या ध्वनिफितींनाही हा उपकर लागू झाला.

या निर्णयामागची दृष्टी विचार करण्याजोगी आहे. कलावंताचे देणे नाकारले गेले नाही आणि त्याच्या वसुलीसाठी कोणाच्या माजघरात शिपाईही पाठवला गेला नाही. कायदा उंबरठ्यापर्यंत आला आणि तेथे थांबला. आपल्याकडे उंबरठ्याला हळदकुंकू वाहण्याची रीत आहे. बाहेरचे व्यवहार आणि आतले जीवन यांच्यामधली ती रेषा आहे, ही जाण त्या रीतीमागे आहे. जर्मन न्यायाधीशांनी तीच जाण घटनेच्या भाषेत सांगितली.

एर्लांगेनचे गणित आणि दुहेरी भूमिका

टेपरेकॉर्डरच्या काळातली ही तडजोड मोडली ती एका जर्मन शोधानेच. बव्हेरियातील एर्लांगेन या विद्यापीठनगरीत १९८० च्या दशकात संशोधकांचा एक गट दूरध्वनीच्या तारेतून संगीत पाठवता येईल का, याचा शोध घेत होता. पेटंट परीक्षकाने ही कल्पना अशक्य ठरवली होती. कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि फ्राउनहोफर संस्थेतील त्यांच्या सहकाऱ्यांनी ती शक्य करून दाखवली. मानवी कानाला जे ऐकूच येत नाही ते ध्वनीतून वगळायचे आणि उरलेले सुमारे एक बारांश जागेत बसवायचे, हे त्यामागचे गणित. १४ जुलै १९९५ रोजी या धारिकांना ‘एमपीथ्री’ हे नाव देण्याचे ठरले. आज जगातल्या प्रत्येक भजनी मंडळाच्या मोबाईलमध्ये ही तीन अक्षरे पोहोचली आहेत.

गाणे एवढे हलके झाल्यावर ते हातोहात फिरू लागले. १९९९ मध्ये अमेरिकेत ‘नॅप्स्टर’ सुरू झाले. संगीत कंपन्यांनी त्याच्यावर खटले भरले. त्या कंपन्यांत जर्मनीच्या ‘बर्टेल्समान’ समूहाची संगीत शाखाही होती. तरीही ऑक्टोबर २००० मध्ये याच बर्टेल्समानने नॅप्स्टरशी करार करून त्यात पैसा घातला. एका हाताने फिर्याद आणि दुसऱ्या हाताने भागीदारी! जुलै २००१ मध्ये नॅप्स्टर बंद पडले, २००२ मध्ये दिवाळखोर झाले आणि नंतर इतर संगीत कंपन्यांनी बर्टेल्समानलाच न्यायालयात खेचले. त्यातल्या एका कंपनीला २००६ मध्ये तडजोडीपोटी सहा कोटी डॉलर द्यावे लागले. नीतीचा झेंडा मिरवणारे उद्योगही नफ्याची वाट दिसताच कसे वळतात, याचे हे उदाहरण विसरता कामा नये.

नॅप्स्टर गेले, पण त्याचे वारस आले. त्यांच्यात मध्यवर्ती कोठार नव्हते. या नव्या पद्धतीची तुलना पंगतीशी करता येईल. आपल्या पंगतीत जेवणारे वेगळे आणि वाढपी वेगळे. या पंगतीत प्रत्येक जेवणारा त्याच क्षणी वाढपीही असतो. चित्रपट उतरवून घेणाऱ्याच्या संगणकातून त्याचे तुकडे इतर शेकडो जणांकडे आपोआप जात राहतात. मुलाला वाटते, आपण फक्त पाहिले. कायदा म्हणतो, तू वाटलेस. पत्रातली रक्कम एवढी मोठी का असते, याचे उत्तर या एका फरकात आहे.

किल्ली कोणाच्या हाती?

आता इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांकडे वळू. जर्मनीत दूरध्वनी हा दीर्घकाळ सरकारी टपालखात्याचा भाग होता. १९८९ मध्ये त्या खात्याचे विभाजन झाले, १९९५ मध्ये ‘डॉइचे टेलिकॉम’ ही भागभांडवली कंपनी बनली आणि १ जानेवारी १९९८ पासून दूरध्वनीची मक्तेदारी संपली. अनेक खासगी कंपन्या बाजारात उतरल्या. १९९९ पासून वेगवान जोडण्या येऊ लागल्या आणि ठरावीक मासिक रकमेत अमर्याद वापराची सोय झाली. एका रात्रीत अख्खा चित्रपट घरी येऊ लागला.

प्रत्येक जोडणीला कंपनी एक क्रमांक देते. तो क्रमांक बाहेरून दिसतो. पण विवक्षित मिनिटाला तो कोणत्या घराला दिला होता, हे केवळ कंपनीलाच ठाऊक असते. म्हणजे १९६४ मध्ये ओळखपत्राच्या रूपाने जी किल्ली न्यायालयाने नाकारली होती, तीच आता इंटरनेट कंपनीच्या नोंदवहीत आपोआप तयार होऊ लागली.

ही किल्ली मिळवण्यासाठी संगीत कंपन्यांनी आधी फौजदारी मार्ग धरला. सरकारी वकिलांकडे तक्रारींचे ढीग येऊ लागले. हेतू शिक्षेचा नव्हता, पत्ता मिळवण्याचा होता. अखेर १ सप्टेंबर २००८ पासून नवा कायदा आला. न्यायालयाचा आदेश घेऊन हक्कधारक थेट कंपनीकडून ग्राहकाचे नाव मागू शकेल, अशी तरतूद झाली. टेलिकॉमचे मुख्यालय बॉनमध्ये असल्याने तिच्या ग्राहकांविषयीचे अर्ज कोलोनच्या जिल्हा न्यायालयाकडे जात. एकेका अर्जात असंख्य क्रमांक असत.

मूळ ‘आबमानुंग’ ही पद्धत वाईट नव्हती. खटला भरण्यापूर्वी समोरच्याला समज द्यावी, न्यायालयाचा वेळ वाचवावा, असा तिचा उद्देश. परंतु समज देण्याचा खर्च समज घेणाऱ्याकडून वसूल करण्याची मुभा असल्यामुळे काही वकिलांनी त्याचाच धंदा मांडला. २००८ च्या कायद्याने साध्या प्रकरणांत हा खर्च १०० युरोंपर्यंत मर्यादित केला, पळवाटा निघाल्या. ऑक्टोबर २०१३ मध्ये दुसरा कायदा करून घरगुती प्रकरणांतील दाव्याचे मूल्य १,००० युरोंवर गोठवावे लागले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात एक विलक्षण प्रकार उघडकीस आला. केवळ एका संकेतस्थळावर चित्रफिती पाहिल्याबद्दल हजारो घरांना पत्रे गेली. पाहणे आणि वाटणे यांतला फरक अर्जात पुसट केलेला होता आणि कोलोनच्या न्यायालयाने पत्ते देण्याची अनुमती दिली होती. जानेवारी २०१४ मध्ये न्यायालयाने आपली चूक मान्य केली. तोवर अनेकांनी लाजेकाजेस्तव पैसे भरून टाकले होते. लज्जा हीदेखील वसुलीचे साधन होऊ शकते, हे त्या पत्रलेखकांना नेमके ठाऊक होते.

तीन घरे, तीन निकाल

या साऱ्या प्रकरणाचा गाभा मात्र पैशात नाही. तो त्या जेवणाच्या टेबलाशी आहे. संघीय न्यायालयापुढे आलेले तीन खटले या दृष्टीने पाहावेत.

पहिले घर. आई-वडिलांनी मुलाला बाराव्या वाढदिवशी वडिलांचा जुना संगणक दिला. मुलगा तेरा वर्षांचा असताना त्याने ११४७ गाणी इतरांसाठी खुली केल्याचे आढळले. घराची झडती झाली. संगीत कंपन्यांनी आई-वडिलांवर दावा लावला: तुम्ही देखरेख केली नाही, म्हणून तुम्ही जबाबदार. १५ नोव्हेंबर २०१२ रोजी न्यायालयाने आई-वडिलांना मुक्त केले. वयानुरूप समज असलेल्या, सामान्यतः सांगितलेले ऐकणाऱ्या मुलाला असे करणे निषिद्ध आहे हे पालकांनी समजावून सांगितले असेल, तर त्यांचे कर्तव्य पुरे झाले. मुलाच्या संगणकाची नित्य झडती घेणे, त्याच्यावर पाळत ठेवणे हे पालकांचे कर्तव्य नाही. संशयाला ठोस कारण घडले तरच ते उद्भवते.

दुसरे घर. वीस वर्षांच्या सावत्र मुलाने ३७४९ गाणी खुली केली. वडील स्वतः पोलीस सेवेत होते. ८ जानेवारी २०१४ रोजी न्यायालय म्हणाले की, प्रौढ अपत्याच्या बाबतीत तर विनाकारण समज देण्याचीही सक्ती नाही. कुटुंबातील माणसे परस्परांवरील विश्वासाने राहतात आणि प्रौढ माणूस स्वतःच्या कृत्याला स्वतः उत्तरदायी असतो.

तिसरे घर सर्वांत अवघड. आई-वडील आणि तीन प्रौढ मुले. एका पाश्चात्त्य गायिकेचा संगीतसंच त्या घरातून वाटला गेला. आई-वडिलांनी न्यायालयात सांगितले की, आम्ही हे केलेले नाही. तिघांपैकी कोणी केले ते आम्हाला ठाऊक आहे. नाव मात्र आम्ही सांगणार नाही. जर्मन राज्यघटनेचे सहावे कलम विवाह आणि कुटुंब यांना राज्यसंस्थेचे विशेष संरक्षण देते. त्या कलमाचा आधार आई-वडिलांनी घेतला. दुसऱ्या बाजूला चौदावे कलम होते. ते मालमत्तेच्या हक्काचे, म्हणजे कलावंताच्या आणि कंपनीच्या हक्काचे.

३० मार्च २०१७ रोजी संघीय न्यायालयाने निकाल दिला. मुलाचे नाव सांगण्याची सक्ती कोणी करणार नाही. पण नाव दडवायचे असेल तर भरपाई आई-वडिलांनी द्यावी. रक्कम साडेतीन हजार युरोंच्या घरात होती. आई-वडील घटना न्यायालयात गेले. १८ फेब्रुवारी २०१९ च्या निर्णयाने त्या न्यायालयानेही त्यांची याचिका स्वीकारली नाही. कुटुंबीयांविरुद्ध न बोलण्याची मुभा आहे. त्या मौनामुळे येणारा तोटा दुसऱ्याच्या माथी मारण्याची मुभा नाही, असा त्याचा आशय.

बंधु-भगिनींनो, या निकालाकडे दोन बाजूंनी पाहता येईल. कोणी म्हणेल, राज्यसंस्थेने आई-बापांना कात्रीत पकडले. कोणी म्हणेल, न्यायालयाने मोठी समंजस वाट काढली. पण आपल्या दृष्टीने त्या आई-वडिलांचे वागणे अधिक बोलके आहे. त्यांनी खोटे सांगितले नाही. ‘आम्हाला काही ठाऊक नाही’ एवढे एक असत्य उच्चारले असते, तर कदाचित सुटकाही झाली असती. त्यांनी सत्य सांगितले, मुलाला पाठीशी घातले आणि त्याची किंमत स्वतः मोजली. पश्चिमेत कुटुंबसंस्था उरलेलीच नाही, असे विधान आपल्या व्यासपीठांवरून अनेकदा सहजपणे केले जाते. ते करण्यापूर्वी या अनाम दांपत्याचे स्मरण व्हावे. प्रश्न उलटाही विचारता येतो. आपल्या घरी असे पत्र आले तर किती वडील सत्य सांगतील? आणि त्याहून महत्त्वाचे, आई-वडील आपल्यासाठी दंड भरत आहेत हे पाहून त्या तिघांपैकी जो कोणी होता, त्याच्या मनात काय आले असेल? त्याविषयी निकालपत्र मौन बाळगते. कायद्याचे काम तेथे संपते.

नोंदवहीची भीती

जर्मन समाज इंटरनेट कंपन्यांच्या नोंदींबाबत इतका हळवा का, हेही पाहिले पाहिजे. नाझी राजवटीची गेस्टापो आणि नंतर पूर्व जर्मनीतील साम्यवादी राजवटीची ‘स्टासी’ या दोन्ही गुप्त यंत्रणांनी नागरिकांच्या घरात कान लावले होते. स्टासीच्या काळात शेजारी शेजाऱ्याची आणि प्रसंगी पती पत्नीची खबर देत असे. त्या संचिका भिंत पडल्यावर उघडल्या गेल्या आणि अनेक घरे पुन्हा एकदा मोडली. पश्चिम जर्मनीच्या घटना न्यायालयाने १५ डिसेंबर १९८३ रोजीच जनगणनेच्या खटल्यात, स्वतःविषयीच्या माहितीवर व्यक्तीचा अधिकार मान्य केला होता.

२००७ मध्ये संसदेने दूरसंचाराच्या सर्व नोंदी सहा महिने जपून ठेवण्याचा कायदा केला, तेव्हा सुमारे ३५ हजार नागरिक घटना न्यायालयात गेले आणि २ मार्च २०१० रोजी तो कायदा रद्द झाला. पुन्हा २०१५ मध्ये तसाच कायदा आला. त्याला आव्हान द्यायला यावेळी कंपन्याच पुढे झाल्या: म्युनिकची ‘स्पेसनेट’ ही छोटी कंपनी आणि बलाढ्य टेलिकॉम. आम्हाला आमच्या ग्राहकांच्या नोंदी ठेवायच्या नाहीत, असे कंपन्यांनी सरकारला न्यायालयात सांगावे, हे दृश्य दुर्मीळच. २० सप्टेंबर २०२२ रोजी युरोपीय न्यायालयाने सरसकट नोंदी ठेवणारा तो कायदा युरोपीय कायद्याशी विसंगत ठरवला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला आहे. आणीबाणीत दारावरची थाप अनुभवलेल्या पिढीला त्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

पाणपोईवरचा गुन्हा

याच काळात आणखी एक वाद रंगला. एखाद्या उपाहारगृहाने ग्राहकांना विनातार इंटरनेट मोकळे दिले आणि कोणा अनोळखी पाहुण्याने त्यावरून गाणी वाटली, तर दोषी कोण? १२ मे २०१० च्या निकालात संघीय न्यायालयाने, सुट्टीवर गेलेल्या एका गृहस्थालाही त्याने आपली जोडणी पुरेशा सांकेतिक शब्दाने बंद केली नव्हती म्हणून अंशतः जबाबदार धरले. परिणामी उपाहारगृहांनी आपली दारे लावून घेतली. पाणपोई लावणाऱ्यालाच, पाणी पिऊन गेलेल्याच्या गुन्ह्याचा जाब विचारावा, असा हा न्याय होता!

बर्लिनमध्ये २००० च्या दशकारंभी ‘फ्रायफुंक’ नावाची स्वयंसेवकांची चळवळ उभी राहिली होती. आपल्या जोडणीचा काही भाग शेजाऱ्या-पाजाऱ्यांना मोकळा द्यायचा, छपरांवर अँटेना लावून आपले जाळे आपणच विणायचे, हा तिचा उपक्रम. या निकालाचा फटका अशा निष्काम उपक्रमांनाही बसला. अखेर ऑक्टोबर २०१७ मध्ये कायदा बदलून ही जबाबदारी काढण्यात आली. दान करणाऱ्यास संशयित मानणारी व्यवस्था समाजातील दानत आटवते, हा त्यातून घेण्याजोगा धडा आहे.

कलावंताचे गाऱ्हाणे

नागरिकांची बाजू ऐकली, आता कलावंताची. मार्च २०१२ मध्ये ‘एलिमेंट ऑफ क्राइम’ या वाद्यवृंदाचे गायक आणि कादंबरीकार स्वेन रेगेनर यांचा बव्हेरियाच्या आकाशवाणीवर बोलताना संताप उसळला. आमचे श्रम फुकट मागणे ही आमची अवहेलना आहे, असा त्याचा भाव होता. तेव्हा ‘पायरेट पार्टी’ हा नवा पक्ष ऐन भरात होता. फुकट देवघेवीला मोकळीक मागणाऱ्या या पक्षाने सप्टेंबर २०११ मध्ये बर्लिनच्या विधिमंडळात ८.९ टक्के मते आणि १५ जागा मिळवल्या होत्या. मे २०१२ मध्ये शंभराहून अधिक लेखक-कलावंतांनी ‘आम्हीच कर्ते’ या मथळ्याखाली जाहीर निवेदन काढले. एकीकडे तरुणांचे मोर्चे, दुसरीकडे लेखकांचा आक्रोश, असे ते वर्ष गेले. २०१६ मध्ये त्या पक्षाची बर्लिनमधील एकही जागा उरली नाही. सर्व काही फुकट या घोषणेवर जनमत उसळते. पण तिच्या पायावर काही उभे राहत नाही.

गेमाचा हट्टही निष्फळच ठरला. यूट्यूबशी दराचा वाद पेटल्याने २००९ ते २०१६ अशी सात वर्षे जर्मनीत असंख्य चित्रफितींच्या जागी केवळ ‘उपलब्ध नाही’ अशी पाटी दिसत असे. ऐकणाऱ्याला गाणे नाही, गाणाऱ्याला पैसा नाही. १ नोव्हेंबर २०१६ रोजी समेट झाला. मार्च २०१९ मध्ये युरोपीय संसदेने मोठ्या संकेतस्थळांवर जबाबदारी टाकणारा नवा निर्देश केला, तेव्हाही जर्मन शहरांत हजारो तरुण रस्त्यावर उतरले. वाद संपलेला नाही. पण त्याचा रोख घरावरून हटून, कोट्यवधी कमावणाऱ्या कंपन्यांकडे वळला आहे, एवढी प्रगती निश्चित म्हणता येईल.

आपल्या घरातले अस्तेय

आता आपल्याकडे वळू. जर्मनीकडे जाणाऱ्या मराठी मुलांच्या पालकांसाठी यात एक रोखठोक सूचना आहे. विमानतळावर सोडताना लोणच्याच्या बरणीबरोबर एक गोष्ट आवर्जून सांगावी. येथे सवयीने उतरवला जाणारा चित्रपट तेथे एका सेमिस्टरच्या बचतीवर पाणी सोडायला लावू शकतो. भाड्याच्या सामायिक घरात तर त्या पत्राचा त्रास घरमालकाला किंवा निरपराध सोबत्यालाही होतो.

परंतु हा धडा केवळ परदेशी जाणाऱ्यांपुरता नाही. दिवाळी अंकाची धारिका समूहात येते आणि ‘छान आहे, पुढे पाठवा’ म्हणून क्षणार्धात शेकडो घरांत पोहोचते. नामवंत मराठी लेखकांची पुस्तके अशीच फिरतात. ती फिरवणारे बहुधा सुशिक्षित, सदाचारी, मराठी वाचली पाहिजे म्हणून कळवळणारे लोक असतात. आणि त्याच वेळी मराठी प्रकाशक आवृत्ती निघत नाही म्हणून हताश असतो. २०१२ मध्ये आपल्या संसदेने स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती करून चित्रपटाच्या गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीत वाटा दिला. तो वाटा रसिकच बुडवणार असतील तर कायदा काय करणार?

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. आपली परंपरा ज्ञानदानाची आहे, विद्या दिल्याने वाढते. मग हा हक्काचा हिशेब परका नव्हे काय? आक्षेप गंभीर आहे. आपल्याकडे पोथी नकलून घेणे हे पुण्यकर्म होते. अभंग तोंडोतोंडी गावोगाव गेले. पण दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली, ते दान होते. देणाऱ्याने दिले होते. घेणाऱ्याने त्याच्या नकळत उचलले नव्हते. दुसरी, अभंगाच्या शेवटच्या चरणात संताची नाममुद्रा असते. शेकडो वर्षे गाणाऱ्यांनी ती कधी गाळली नाही. मानधनाचा प्रश्नच नव्हता. कर्तृत्वाचे ऋण मात्र दर वेळी फेडले गेले. आज पुढे पाठवल्या जाणाऱ्या कवितेखालचे कवीचे नाव गळून पडते आणि त्या जागी भलत्याचेच नाव येते. हे ज्ञानदान म्हणवणार नाही.

पतंजलींनी सांगितलेल्या पाच यमांत अहिंसा आणि सत्य यांच्या पाठोपाठ अस्तेय येते. मनूने सांगितलेल्या धर्माच्या दहा लक्षणांतही ते आहे. आपल्या संस्कारवर्गांत पहिल्या दोहोंवर कथा पुष्कळ सांगितल्या जातात; अस्तेयाची कथा बहुधा दुसऱ्याच्या झाडावरच्या आंब्यापाशी थांबते. आजच्या मुलाने कोणाच्या झाडावर चढून आंबा पाडलेला नसतो. त्याच्या हातात जे यंत्र आहे, त्यात मात्र साऱ्या जगाची आमराई कुंपणावाचून उभी आहे. त्याला सांगायची कथा नवी हवी.

जर्मन न्यायालयाने पहिल्या घराच्या खटल्यात जे म्हटले, त्याचा विचार येथे पुन्हा करावा. पालकांचे कर्तव्य पाळत ठेवण्याचे नाही, समजावून सांगण्याचे आहे. मुलाच्या संगणकावर पहारा बसवणे सोपे आहे, पण त्याने घराचे ठाणे होते. समजावून सांगायला वेळ द्यावा लागतो, आणि त्याआधी आपल्या भ्रमणध्वनीत काय साठवले आहे ते पाहावे लागते. वडिलांच्या संग्रहात फुकट उतरवलेले चित्रपट असतील, तर मुलाला सांगितलेले अस्तेय त्याच क्षणी निर्जीव होते.

म्हणून एक छोटे काम सुचवून हे विवेचन पुरे होईल. येत्या रविवारी घरातल्या सर्वांनी जेवणानंतर एकत्र बसावे. या वर्षी आपल्या घरात आलेल्या मराठी पुस्तकांची, गाण्यांची, चित्रपटांची यादी करावी. कोणाचे मोल दिले आणि कोणाचे दिले नाही, याच्या दोन बाजू आजोबांपासून नातवापर्यंत प्रत्येकाने स्वतः मांडाव्या. नाव विचारायला दारात कोणी वकील उभा नसेल. त्या वेळी जे उत्तर दिले जाईल, तेच खरे उत्तर.